खचलेला घाटरस्ता सायकलस्वारांना आणि पायी जाणाऱ्यांना बंद करताना

घाटरस्ता खचला की मोटारी थांबवणे हे तासाभराचे काम असते. काँक्रीटचे चार ठोकळे आडवे टाकले, ‘रस्ता बंद’ची पाटी लावली, झाले. पण सायकलवाला सायकल खांद्यावर टाकून त्याच ठोकळ्यांवरून पलीकडे जातो आणि चालणारा तर पाटीसमोर क्षणभरही थांबत नाही. ही पाटी गाड्यांसाठी आहे असे दोघांनाही मनापासून वाटते. त्यात त्यांची फारशी चूक नाही. खडीकरण, डांबरीकरण, पुलाची दुरुस्ती अशा पाट्यांच्या बाजूने ते वर्षानुवर्षे सुखरूप गेलेले असतात. त्यामुळे या दोघांसाठी बंदी वेगळी आखावी लागते. तिचे मर्म एकच: परत फिरणे अजून परवडते अशा ठिकाणी माणसाला बंदी कळली पाहिजे, आणि ती कशामुळे आहे हेही तिथेच कळले पाहिजे.

आधी ठरवा: धोका वजनाचा की वरच्या दगडाचा

‘चालणारा हलका असतो, त्याला काय होतेय’ हा युक्तिवाद प्रत्येक बैठकीत निघतो. तो कधी बरोबर असतो, कधी जिवावर बेततो. फरक दरडीच्या जातीत आहे.

रस्त्यासकट अख्खा डोंगरउतार संथपणे सरकत असेल, तर डांबर फाटते, पायऱ्या पडतात, गाड्या चालवता येत नाहीत. पण पायी जाणाऱ्याला तातडीचा धोका नसतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या मॅम टॉर डोंगराखालचा रस्ता असाच हजारो वर्षे जुन्या दरडीवरून नेलेला होता. पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही तो टिकेना, म्हणून १९७९ मध्ये वाहनांसाठी कायमचा बंद झाला. डांबराचे एकावर एक चढवलेले थर आज तिथे फाटून उघडे पडलेत आणि लोक त्यावरून चालत फिरतात.

दरीकडचा भराव सुटला असेल तर गोष्ट वेगळी. डांबराचा थर वर तसाच राहतो आणि खालची माती निघून जाते. वरून पाहिले तर रस्ता शाबूत, पांढरी पट्टीही जागेवर. खाली मात्र पोकळी. अशा कडेवर सायकल टेकवून फोटो काढायला एक माणूस उभा राहिला तरी ती तुटू शकते. पोकळी कुठवर गेली आहे हे रस्त्यावर उभे राहून कळत नाही. समोरच्या वळणावरून दुर्बिणीने पाहा किंवा ड्रोन दरीत उतरवून कडेच्या खालून चित्रण करा. पहारीने ठोकून पाहायचे असेल तर कमरेला दोर बांधून, डोंगराकडून दरीकडे यायचे. भरीव जमिनीवर पहार खणखणते, पोकळीवर ढब आवाज येतो. आवाज बदलला की तिथेच थांबा.

तिसरा प्रकार डोंगराकडून येणाऱ्या दरडीचा. इथे हलकेपणाचा काडीचाही उपयोग नाही, उलट वेळ घात करतो. धोक्याचा पट्टा २०० मीटरचा धरा. ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार तो २४ सेकंदांत ओलांडते. चढावर ताशी ८ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला ९० सेकंद लागतात, तर ताशी ४ किलोमीटरने चालणाऱ्याला पूर्ण ३ मिनिटे. म्हणजे चालणारा मोटारीच्या साडेसातपट वेळ दगडांच्या माऱ्यात असतो, आणि त्याच्या डोक्यावर पत्राही नसतो.

बऱ्याच ठिकाणी दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्र सापडतो. तेव्हा वाद घालत बसू नका, सर्वांसाठी बंद करा. बंदीच्या आदेशात ‘वाहतूक’ एवढाच शब्द असेल तर नाक्यावरच्या माणसाला पायी जाणाऱ्याला अडवता येत नाही; ‘सायकली आणि पादचारी’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या. कुठून कुठपर्यंत तेही किलोमीटरच्या दगडासकट लिहा.

रेषा कुठे मारायची

जिथे रस्ता तुटला तिथे नाही. जिथे शेवटची भेग दिसते तिथेही नाही, तिच्याही मागे.

शेवटची भेग शोधायची उत्तम वेळ म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचा पहिला तास-दीड तास. डांबराचा पृष्ठभाग वाळून फिकट होतो, पण भेगेत पाणी राहिल्यामुळे ती काळ्या ओल्या रेघेसारखी उठून दिसते. केसाएवढी भेग, जी एरवी पायाखाली असूनही दिसत नाही, ती या वेळी दहा पावलांवरून दिसते. दरीकडे दोन्ही टोके वळलेली, चंद्रकोरीसारखी भेग असेल तर तेवढा तुकडा सुटायच्या तयारीत आहे. याशिवाय कठड्याची ओळ कुठे खाली बसली आहे का, कडेची पांढरी पट्टी वाकडी झाली आहे का, खांब किंवा झाडे एकाच दिशेला कलली आहेत का, उतारातून नवा पाझर फुटला आहे का, हे पाहून खुणा करा.

या सर्व खुणांपैकी सर्वांत मागच्या खुणेपासून, खचलेल्या उताराची जेवढी उंची असेल निदान तेवढे अंतर रस्त्याने मागे या. खचलेला उतार १५ मीटर उंच असेल तर १५ मीटर. हा कामचलाऊ ठोकताळा आहे. भूवैज्ञानिकाने वेगळे अंतर सांगितले की तेच धरा. दगड पडत असतील तर डांबरावरचे ताजे खळगे आणि ठिकऱ्या कुठवर पोचल्यात ते बघा. सर्वांत लांब उडालेल्या दगडाच्याही पलीकडे रेषा हवी. तो दगड रस्ता ओलांडून दरीत गेला असेल तर रेषा दोन्ही बाजूंनी आणखी मागे न्या, कारण मारा किती रुंद आहे हे तुम्हाला अजून ठाऊक नाही.

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोका, त्यांतले अंतर रोज ठरावीक वेळी मिलिमीटरमध्ये मोजा आणि वहीत लिहा. नुसते अंतर नको, रोजची वाढ काढा. ही वाढ वाचायची एक साधी रीत १९८५ मध्ये जपानी संशोधक फुकुझोनो यांनी मांडली: वेगाचा, म्हणजे रोजच्या वाढीचा, व्यस्त काढायचा (१ भागिले वाढ) आणि तो कुठल्या दिवशी शून्याला पोचेल ते बघायचे. समजा पाच दिवसांची वाढ २, २.५, ३.३, ५ आणि १० मिलिमीटर आहे. व्यस्त आले ०.५, ०.४, ०.३, ०.२ आणि ०.१. सरळ उतरती रेघ, सहाव्या दिवशी शून्य. त्या दिवसाच्या आत कामगारांसकट सगळे बाहेर हवेत. ही रीत माणसे हलवण्यासाठी वापरा. आकडे शांत आहेत म्हणून रस्ता उघडण्यासाठी ती कधीही वापरू नका. एका जोरदार पावसात सगळे गणित बदलते.

कुंपण लावण्याआधी आतली माणसे बाहेर

दोन्ही टोकांना फलक लागले आणि मध्ये कुणी अडकून पडले, असे होते. वरून एक आणि खालून एक अशा दोन तुकड्या निघून खचलेल्या भागाच्या अलीकडेपर्यंत याव्यात. कुणीही तो भाग ओलांडू नये, बोलणे वायरलेसवर करावे. पायथ्याला उभ्या असलेल्या मोटारी आणि लावून ठेवलेल्या सायकली मोजा. गाडी आहे आणि माणूस नाही, म्हणजे कुणीतरी वर आहे.

याच फेरीत रस्त्याला मध्येच येऊन मिळणाऱ्या सगळ्या वाटांची यादी करा: दोन वळणांमधल्या चढत्या पायवाटा, जंगलाचे गाडीरस्ते, पाण्याच्या पाइपलाइनच्या कडेची वाट, गुरांच्या वाटा. नकाशावर यातल्या निम्म्याही नसतात. त्या भागात रोज फिरणाऱ्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी फलक लागतो, फक्त दोन टोकांना लावून भागत नाही.

फलक: तीन ठिकाणी, तीन वेगळे

चढणाऱ्या सायकलस्वाराचा विचार करा. सरासरी ६ टक्के चढाचा १० किलोमीटरचा घाट म्हणजे ६०० मीटरची चढाई. एवढे चढून आल्यावर कुंपण दिसले तर तो परत फिरण्याऐवजी पलीकडे जायची वाट शोधणार. उतरणाऱ्याचे त्याहून अवघड, कारण त्याला परत फिरायचे म्हणजे उतरलेले सगळे पुन्हा चढायचे. म्हणून पहिला फलक पायथ्याच्या शेवटच्या फाट्यावर आणि माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी. सगळ्यांत जास्त माणसे हाच फलक वाचवतो, म्हणून सगळ्यांत जास्त मेहनत याच्यावर घ्या. त्यावर मजकूर असा असावा:

‘पुढे ६.४ किलोमीटरवर रस्ता खचला आहे. चालत किंवा सायकल उचलूनही पलीकडे जाता येत नाही. डांबराखालची माती निघून गेली आहे. पर्यायी रस्ता: … मार्गे, अंतर … किमी, चढ … मीटर. शेवटची पाहणी: तारीख. पुढची माहिती: तारीख.’

यातले ‘सायकल उचलूनही’ हे दोन शब्द वगळू नका. ते नसतील तर प्रत्येक सायकलवाला मनात तेवढी पळवाट ठेवतो. पर्यायी रस्त्याचा चढही द्या, कारण सायकलस्वार अंतरापेक्षा चढावर निर्णय घेतो. आणि खालून घेतलेला पोकळीचा फोटो मोठा छापून लावा. लटकणारे डांबर डोळ्यांनी पाहिले की दहा ओळी वाचायची गरज उरत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी आणि भाषा न जाणणाऱ्यांसाठी लाल गोलातली सायकल आणि लाल गोलातला चालणारा माणूस अशी दोन्ही चिन्हे लावा. नुसता रिकामा पांढरा गोल आणि लाल कड, म्हणजे ‘सर्व वाहनांना बंद’, हे चिन्ह चालणाऱ्याला लागूच होत नाही आणि सायकलही वाहन आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

‘काम चालू, रस्ता बंद’ असे मात्र कधीही लिहू नका. रविवारी काम बंद असते, म्हणजे रस्ता मोकळा, असा त्याचा अर्थ लोक लावतात. कारण जमिनीचे आहे, जमिनीचेच लिहा.

दुसरा फलक अर्ध्या वाटेवर, प्रत्येक जोडवाटेला: अंतर आणि दोन चिन्हे, बस्स.

तिसरा कुंपणाआधीचा इशारा, आणि उतरणीच्या बाजूला तो हलगर्जीपणाने लावला तर जीव जातो. ताशी ५० किलोमीटरने उतरणारी सायकल सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २१ मीटर. ओल्या, उतरत्या, बारीक खडी पसरलेल्या रस्त्यावर थांबायला आणखी ४८ मीटर लागू शकतात. एकूण जवळपास ७० मीटर. तेव्हा कुंपणाच्या २०० मीटर आधी एक आणि १०० मीटर आधी दुसरा फलक हवा, आणि कुंपण आंधळ्या वळणामागे कधीच नको. दरडीजवळ चिखल आणि खडी रस्त्यावर वाहून येते. कुंपणाआधीचे शेवटचे १०० मीटर दर पाहणीत झाडून घ्या, नाहीतर ज्याने वेळेत ब्रेक मारला तोच घसरून पडेल.

कुंपण

तार, साखळी किंवा दोरी रस्त्यावर आडवी बांधू नका. संधिप्रकाशात ती दिसत नाही आणि उतरत्या सायकलस्वाराच्या गळ्याच्या किंवा चाकाच्या उंचीवर येते. इशाऱ्याची प्लॅस्टिकची पट्टीही कुंपण नव्हे. दुसऱ्या दिवशी ती तुटून गटारात पडलेली असते. काँक्रीटचे ठोकळे वाहनांसाठी ठीक, ते खाली गाडी वळवता येते अशा शेवटच्या जागी ठेवा. साधारण ८० सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावरून सायकल सहज उचलली जाते. शिवाय त्यांचे वजन मीटरमागे ६०० किलोच्या आसपास असते. भेगाळलेल्या भागाजवळ असे दहा मीटर ठोकळे म्हणजे सुटायच्या तयारीत असलेल्या उतारावर आणखी सहा टन. असे ठोकळे पक्क्या जमिनीवरच हवेत.

चालणाऱ्यांसाठी लागते ते दोन मीटर उंचीचे जाळीचे कुंपण. ७ मीटरचा रस्ता आणि दोन्हीकडे दीड मीटरच्या साइडपट्ट्या, म्हणजे १० मीटर. साडेतीन मीटरच्या तीन चौकटी त्याला पुरतात, पण दोन्ही टोकांना पंखासारखी एकेक जास्तीची लागते: एकूण ५ चौकटी, ६ पायठोकळे, आणि चार सांध्यांना प्रत्येकी दोन याप्रमाणे ८ क्लॅम्प. क्लॅम्पचे नट आतल्या, बंद बाजूला येतील असे फिरवा. बाहेर असले की पान्ह्याने दोन मिनिटांत सुटतात. प्रत्येक चौकटीला मागून तिरका टेकू द्या. जाळीवर कापड किंवा मोठे बॅनर ताणू नका, घाटातल्या वाऱ्यात त्याचे शीड होते आणि सगळी ओळ आडवी पडते.

खरी गफलत टोकांना होते. कुंपण कठड्यापाशी संपले तर लोक कठड्याबाहेरून, दरीवर लोंबकळत वळसा घेतात. म्हणजे तुमच्या कुंपणाने दरडीपेक्षा मोठा धोका तयार केला. दरीकडची चौकट कठड्याच्या बाहेर दीड-दोन मीटर गेली पाहिजे आणि डोंगराकडची खडकाला टेकली पाहिजे. ते जमत नसेल तर कुंपण तिथे घालण्याचा हट्ट सोडा आणि मागे या: दोन्हीकडे उभा कातळ असलेली खिंड, पुलाचे तोंड, उंच संरक्षक भिंतीची जागा. शंभर-दोनशे मीटर जास्त रस्ता बंद झाला तरी चालेल. वळसा घेता येणार नाही अशी जागा मिळणे जास्त मोलाचे.

जाळीच्या तळाशी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, पण डोंगराकडच्या गटारावरून कुंपण नेताना ते गटार तुंबणार नाही हे पाहा. पालापाचोळा जाळीला अडकतो, पाणी गटार सोडून रस्त्यावर येते आणि उतारावरून थेट भेगेत शिरते. दरड पुढे सरकायला एवढे पुरते. गटारापुरती रुंद गजांची चौकट लावा आणि दर पाहणीत ती हाताने साफ करा. भेगाही प्लॅस्टिकच्या कापडाने झाकून, कडेला मातीच्या पोत्यांनी दाबून ठेवा.

रात्रीसाठी दोन्ही टोकांना पिवळे लुकलुकणारे दिवे आणि परावर्तक पट्ट्या. सायकलचा दिवा खाली झुकलेला असतो, म्हणून पट्ट्यांची एक ओळ ४० ते १०० सेंटिमीटर उंचीवर हवीच. फक्त वर लावलेली त्याला उशिरा दिसते. कुंपणात एक फाटक ठेवा. त्याच्या साखळीत बांधकाम, बचावपथक आणि वनखाते यांची कुलुपे एकात एक अडकवली की कुठलेही एक उघडून फाटक उघडते आणि किल्ल्यांच्या नकला गावभर होत नाहीत.

नकाशे आणि ॲप

लांबून येणारा सायकलस्वार पाटी बघून नव्हे, मोबाइल बघून वाट ठरवतो. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर पूर्ण घाट बंद दाखवू नका; रस्त्याची रेघ दोन्ही कुंपणांपाशी तोडा आणि मधल्या तुकड्यावरच बंदी नोंदवा. इथे एक बारकावा आहे. त्या तुकड्यावर आधीपासून सायकल किंवा पायी प्रवेशाला ‘होय’ अशी वेगळी नोंद असेल, तर सर्वसाधारण ‘ॲक्सेस’ला ‘नाही’ केले तरी ती विशेष नोंद वरचढ ठरते आणि ॲप लोकांना तिथूनच पाठवते. तेव्हा तीनही नोंदी बदला. फोनमध्ये उतरवून ठेवलेले नकाशे जुनेच राहतात, म्हणून पायथ्याचा फलक तरीही हवाच. स्ट्राव्हा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपवर त्या चढाचा सेगमेंट, म्हणजे वेळ मोजायचा ठरावीक तुकडा, असेल तर तो धोकादायक म्हणून नोंदवता येतो. वेळेशी स्पर्धा करणारे त्यामुळे कमी होतात. ज्या शर्यती आणि सहली तिथून जातात त्यांच्या आयोजकांना थेट कळवा.

राखण

पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहणी. पाऊस थांबून ऊन पडले की लोक बाहेर पडतात, पण डोंगरात मुरलेले पाणी तेव्हाही खाली उतरतच असते आणि खोल दरड पावसानंतर कितीतरी तासांनी, कधी दिवसांनी हलते. म्हणून पावसानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी दोन्ही टोकांना माणूस उभा हवा.

कुंपण चालते की नाही हे मोजायची सोपी युक्ती: कुंपणामागे रस्त्याच्या पूर्ण रुंदीत हातभर रुंदीचा बारीक वाळूचा पट्टा पसरा आणि दंताळ्याने सपाट करा. पुढच्या पाहणीत त्यावर बुटांचे ठसे, टायरच्या नक्षीच्या रेघा स्पष्ट दिसतात. ठसे मधोमध असतील तर फाटक उघडे राहते आहे, आणि ते बहुधा संध्याकाळी काम संपवून जाणाऱ्या गाडीने राहिलेले असते. ठसे कडेला असतील तर पंख अपुरा आहे. पट्ट्यावर काहीच नाही आणि पलीकडे माणसे दिसतात, तर तुमच्या यादीतून एखादी पायवाट सुटली आहे. मोजून, लिहून, दंताळे पुन्हा फिरवा.

फलकावरची ‘पुढची माहिती’ची तारीख उलटू देऊ नका. तारीख उलटलेला फलक म्हणजे लोकांच्या लेखी उठलेली बंदी. नवे काही सांगण्यासारखे नसले तरी नवी तारीख चिकटवा.

रस्त्यापलीकडे राहणाऱ्यांची सोय वेगळी करावी लागते. त्यांना अडवून प्रश्न सुटत नाही. ते रात्री जातील. भूवैज्ञानिकाने परवानगी दिली तरच ठरावीक वेळी, कोरड्या हवेत, दिवसा, वरच्या उतारावर नजर ठेवणारा शिट्टीवाला उभा करून, एका वेळी एक माणूस डोंगराकडच्या कडेने सोडा. परवानगी नसेल तर पर्यायी वाटेवर वाहनाची सोय करा. खचलेल्या उताराच्या पायथ्यातून तात्पुरती पायवाट काढायचा मोह टाळा; तिथे मातीला हात लावणे म्हणजे वरच्या मातीचा आधार काढणे.

उघडताना

‘आधी चालणाऱ्यांना सोडू, मग सायकली, मग गाड्या’ हा क्रम सवयीने लावला जातो. भराव दुरुस्त झाला आहे, पण जड वजन अजून पेलणार नाही, अशा ठिकाणी तो योग्य आहे. वरून दगड पडायचा धोका शिल्लक असेल तर क्रम उलटा लागतो आणि चालणारे सर्वांत शेवटी येतात, वरच्या गणिताप्रमाणे त्यांचीच वेळ सर्वांत जास्त.

उघडण्याआधी सैल दगड काढून झालेले, गटारे वाहती, पोकळी भरून दाबलेली, आणि भेगेच्या खिळ्यांमधले अंतर एका मोठ्या पावसातून जाऊनही न वाढलेले हवे. मग फलक काढायचे ते सर्व ठिकाणचे एकाच दिवशी: फाटा, माथा, जोडवाटा, पाइपलाइनची वाट, सगळे. यादी हातात घेऊन एकेकावर खूण करा आणि त्याच संध्याकाळी नकाशावरच्या तीनही नोंदी परत बदला. जुना फलक एखाद्या पायवाटेवर तसाच राहिला, तर लोक रोज तो ओलांडून सुखरूप जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच खरा फलक लागतो तेव्हा त्यालाही ओलांडून जातात.